सायाळ, खार आणि 'दिवसा नको' : बालकथेच्या मसुद्यावर चर्चा

रानजाई

४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी १६ पानी चित्रपुस्तकाचा मसुदा तयार होतोय. गाभा एवढाच : अडलेल्याला मदत करायची, आणि मदत करतानाही आपलं 'नको' जागेवर ठेवायचं. गोष्ट थोडक्यात अशी.

आषाढातला पाऊस. आंब्याच्या फांदीवरचं खारूताईचं घरटं वाऱ्याने पडतं. ती सायाळमावशीच्या बिळापाशी येते. मावशी म्हणते, "ये गं, आत ये." खारूताई राहते. पहिल्या दिवशी बिळात शेंगांची फोलपटं पसरते, दुसऱ्या दिवशी दिवसभर चिर्र चिर्र ओरडते, तिसऱ्या दिवशी दोन मैत्रिणी घेऊन येते. मावशी मनातल्या मनात कुढते पण काही बोलत नाही. चौथ्या दिवशी तिचा राग अनावर होतो, काटे उभे राहतात, खारूताईच्या शेपटीत काटा रुततो. खारूताई पळते. संध्याकाळी परत येऊन माफी मागते. मावशी म्हणते, "मदत करावी, पण मर्यादेत."

शब्द सध्या ६२० आहेत. शेवट पोचत नाही, उपदेश वाटतो. कुठे चुकतंय?

पाणवठा

प्राण्यांची निवड फार चांगली आहे. सायाळ निशाचर, खार दिवसाची. खार झोपते तेव्हा सायाळ कंदमुळं उकरायला बाहेर असते, आणि सायाळ झोपते तेव्हा खार झाडावर. म्हणजे बीळ रात्रभर रिकामंच! मसुद्यात याचा काहीच वापर नाही. 'रात्री ये, दिवसा नको' ही अट निसर्गानेच दिलेली आहे, लेखकाने वरून लादलेली वाटणार नाही. फोलपटं, मैत्रिणी वगैरे काढून टाका. एकच अट, एकच कारण : दिवसा मला झोप हवी.

काही दुरुस्त्या, चित्रकारासाठीसुद्धा :

सायाळ काटे फेकत नाही. हा गैरसमज मराठी गोष्टींत सर्रास दिसतो. काटे सैल बसलेले असतात, अंगाला लागले की सुटून रुततात. चिडलेली सायाळ आधी काटे फुलवते, पाय आपटते, शेपटी हलवते. शेपटीच्या टोकाला पोकळ काटे असतात, त्यांचा खळखळाट होतो. तेवढ्याने समोरचा हटला नाही तर पाठ फिरवून उलट्या पावली धावते. म्हणजे इशाऱ्यांचा क्रम प्राण्यातच आहे, फुकट मिळालेला.

बीळ उतारावर दाखवा, खडकाच्या किंवा मुळांच्या आधाराने. सपाट जमिनीवर दाखवलं तर पहिल्याच पावसात ते भरेल आणि एखादं चौकस मूल नक्की विचारेल. सायाळीच्या बिळाला बरेचदा एकापेक्षा जास्त तोंडं असतात, आतली वाट काही मीटर लांब आणि शेवटी ऐसपैस खोली. शिवाय सायाळीच्या बिळात इतर प्राणी राहिल्याच्या नोंदी आहेत. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सायाळ आणि अजगर एकाच बिळात आढळले आहेत. त्यामुळे पाहुण्याची कल्पना ओढूनताणून आणलेली नाही.

खारीऐवजी शेकरू सुचवेल कोणीतरी, महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून. शेकरू नको. ते जमिनीवर फारसं उतरत नाही आणि एकाच वेळी अनेक घरटी राखतं. एक पडलं तर दुसऱ्यात जाईल, गोष्टच उरणार नाही.

मधली_सुट्टी

मला मुख्य अडचण नावांत दिसते. 'सायाळमावशी' म्हटलं की ती मोठी झाली आणि खारूताई लहान. मोठ्याने लहानाला 'नको' म्हणणं मुलं दिवसभर ऐकतात. त्यात नवीन काय? गोष्ट मुलाला 'नको' म्हणायला शिकवणार असेल तर 'नको' म्हणणारा त्याच्याच बरोबरीचा हवा. दोघींची 'मावशी' आणि 'ताई' काढा. साळू आणि खारू. काही भागांत सायाळीला साळू म्हणतातच, त्यामुळे नाव वेगळं शोधायला नको.

दुसरं, साळू तीन दिवस गप्प बसते आणि चौथ्या दिवशी फुटते. यातून मूल काय उचलेल? की आधी सोसायचं, आणि राग आला की मगच बोलायचं. बालवाडीत हेच घडतं. खेळणं हिसकावलं तरी मूल गप्प, गप्प, आणि मग एकदम चावा. गोष्टीने ही साखळी तोडायला हवी. साळूने पहिल्याच दिवशी बोलायला हवं, मन शांत असताना, खारू अजून आवडत असताना.

कोरा_कागद

पहिल्याच दिवशी बोलली तर गोष्ट पाचव्या पानावर संपेल. ताण कुठून आणायचा?

मधली_सुट्टी

अट सांगणं सोपं, पाळून घेणं अवघड. ताण तिथे आहे. खारू 'हो' म्हणेल आणि विसरेल. मग चाचपून बघेल. मग लाडीगोडी लावेल. साळू तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हणेल. चार-पाच वर्षांच्या मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही, उलट ती त्या वाक्याची वाट पाहतात.

ओवी

पुनरावृत्तीवरून चिऊ-काऊची गोष्ट इथे यायलाच हवी. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस, आणि 'चिऊताई चिऊताई दार उघड'. सांगाडा हाच आहे : बेघर पाहुणा आणि आत बसलेली घरधनीण. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे', 'थांब, तीट लावू दे', 'थांब, निजवू दे'. पिढ्यान् पिढ्या मुलांनी हे ऐकलं ते त्या 'थांब'च्या ठेक्यासाठी. ठेका जरूर उचला.

पण चिऊ 'नको' एकदाही म्हणत नाही. ती कारणं देते, दार लांबवते. काही घरांत गोष्ट काऊला आत घेऊन ऊब देण्यावर संपते, काही घरांत त्याला तापल्या तव्यावर बसवण्यावर. एकाच गोष्टीचे इतके वेगळे शेवट होतात, कारण चिऊला नेमकं काय हवंय हे गोष्टीत कधी सांगितलंच जात नाही. सांगणाऱ्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ते भरून काढलं.

म्हातारी आणि भोपळा घ्या. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' हीसुद्धा सुटका करून घेणं आहे, नकार नव्हे. वाघासमोर तेच शहाणपण. मैत्रिणीसमोर मात्र ते फसवणं होईल. आपल्या जुन्या गोष्टींत बलवानापासून निसटण्याच्या युक्त्या भरपूर आहेत, जिवलगाला सरळ 'नको' म्हणण्याचे नमुने फार थोडे. म्हणून हा मसुदा मला महत्त्वाचा वाटतो.

जाता जाता एक सांगते. सीमंतोन्नयन संस्कारात गर्भवतीच्या केसांचा भांग पाडायला गृह्यसूत्रांनी (घरगुती संस्कारांचे विधी सांगणारे जुने संस्कृत ग्रंथ) तीन पांढरे ठिपके असलेला सायाळीचा काटा सांगितला आहे. सीमंत म्हणजे भांग, आणि त्या शब्दात सीमा आहे. सीमारेषा आखायला सायाळीचाच काटा! पुस्तकात हे घालू नका, पण प्राणी अचूक निवडलाय एवढं नक्की.

शाईची_दौत

जुन्यातून उचलायचं तर सावध राहून. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि अग्निमुख ढेकूण यांची गोष्ट आहे. ऊ राजाच्या बिछान्यात सुखाने राहतेय, ढेकूण आसरा मागतो, ती अट घालते की राजा गाढ झोपल्याशिवाय चावायचं नाही. ढेकूण अट मोडतो आणि पळून जातो, शोधाशोधीत ऊ सापडते आणि मारली जाते. हितोपदेशात जरद्गव हे आंधळं गिधाड दीर्घकर्ण मांजराला ठेवून घेतं, मांजर पिल्लं खातं, जीव जातो गिधाडाचा. दोन्हींत आसरा, विश्वास आणि नुकसान आहे. पण निष्कर्ष एकच : ज्याचा स्वभाव माहीत नाही त्याला थारा देऊ नका. राजकारण शिकणाऱ्या राजपुत्रांसाठी ते ठीक. पाच वर्षांच्या मुलाला त्यातून 'अनोळखी तो वाईट' एवढंच मिळतं, दयाळूपणा बाहेरच राहतो.

म्हणून खारू खलनायिका होता कामा नये. ती वाईट नाही. तिला थंडी वाजतेय, एकटं वाटतंय, आणि बीळ उबदार आहे. वाईट माणसाला 'नको' म्हणणं सोपं असतं. आवडत्याला म्हणणं कठीण, आणि गोष्ट त्या कठीण जागीच घडायला हवी.

कोरा_कागद

सगळं मान्य, पण काटा रुतण्याचा प्रसंग काढू नका. परिणामाशिवाय अट म्हणजे पोकळ धमकी. मुलांना कळायला हवं की ऐकलं नाही तर काहीतरी होतं.

मधली_सुट्टी

परिणाम हवा, वेदना नको. शेवटी काटा रुतला की मूल अर्थ लावतं : साळूने शिक्षा केली. म्हणजे 'नको' म्हणजे दुखवणं. ज्या मुलाला आधीच 'नको' म्हणताना अपराधी वाटतं ते आणखी गप्प होईल, आणि जे हात उगारतं त्याला आधार मिळेल.

शाईची_दौत

काटा ठेवा, जागा बदला. शेवटून उचलून सुरुवातीला आणा.

पहाटे साळू दमून परत येते. खारू अजून आतच आहे, अंगाचं मुटकुळं करून झोपलेली. साळू हळूच शेजारी टेकते आणि झोपेत कूस बदलताना एक काटा खारूच्या शेपटीला लागतो. कोणाची चूक नाही. साळूच्या अंगावर काटे आहेत, एवढंच. आता अट आली की तिच्यामागे कारण आहे : "दिवसा आपण दोघी एकत्र मावत नाही. तुला टोचतं, मला झोप लागत नाही." तोच काटा शेवटी शिक्षा होता, सुरुवातीला तो कारण होतो. पुढे साळू शेपटी खळखळवते तेव्हा काटा काय करतो हे मुलाला माहीत असतं, म्हणून पुन्हा टोचायची गरजच राहत नाही.

मग परिणाम काय? खारूला बाहेर जावं लागतं. तिला वाईट वाटतं. तेवढा परिणाम पुरेसा आणि खरा आहे.

कोरा_कागद

हे पटलं. माझा आक्षेप मागे.

रानजाई

काट्याची जागा बदलून सगळं सुटं सुटं होतं ते जुळलं. आता संवाद. साळूने नेमकं काय म्हणायचं? सध्या लिहिलंय, "खारू, तू माझी लाडकी मैत्रीण आहेस, पण मला दिवसा झोपू दे ना गं, प्लीज."

शाईची_दौत

यात तीन गोष्टी काढायच्या : 'पण', 'ना गं' आणि 'प्लीज'.

'पण' आला की त्याच्या आधीचं पुसलं जातं. मुलाच्या कानात 'लाडकी आहेस' राहत नाही. काही जण त्याजागी 'आणि' सुचवतात, पण 'तू माझी मैत्रीण आहेस आणि मला झोप हवी' हे मराठी कानाला भाषांतरासारखं लागतं. सरळ पूर्णविराम द्या. "तू माझी मैत्रीण आहेस. दिवसा मला झोप हवी." दोन वाक्यं शेजारी उभी राहतात, एक दुसरीला खात नाही.

'झोपू दे ना गं, प्लीज' ही विनवणी आहे. विनवणीला समोरचा 'नाही' म्हणू शकतो. साळू परवानगी मागत नाहीये, आपल्या बिळाबद्दल सांगतेय. 'सॉरी'सुद्धा नको, कारण तिने काही चुकीचं केलेलं नाही.

'नाही' की 'नको' याचाही विचार करा. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत हे आपलं भाग्य. 'नाही' म्हणजे तसं नाही, किंवा होणार नाही. 'नको' म्हणजे मला ते हवंसं नाही, आणि तो सांगण्याचा हक्क बोलणाऱ्याचाच. शिवाय 'नको'च्या आधी एक शब्द लावला की सीमा नेमकी आखता येते : 'इथे नको', 'असं नको', 'इतकं नको', 'दिवसा नको'. संपूर्ण माणूस नाकारला जात नाही, फक्त तो तुकडा. एका शब्दापासून मात्र जपा : 'आत्ता नको'. मोठी माणसं 'कधीच नको'च्या जागी तो वापरतात आणि मुलांना ते ओळखू येतं. साळू म्हणते 'दिवसा नको', तेव्हा रात्री खरंच 'ये' असलं पाहिजे.

ओवी

सांगण्यासाठी धृपद हवं. हे बघा :

बीळ एक, वेळा दोन.
दिवस माझा, रात्र तुझी.

चार टाळ्यांत बसतं : 'बीळ एक' ला एक टाळी, 'वेळा दोन' ला एक, पुढच्या ओळीत तशाच दोन. गोष्टीत तीनदा यावं. पहिल्यांदा साळू एकटी म्हणते. दुसऱ्यांदा साळू सुरू करते आणि सांगणाऱ्याने 'रात्र...' वर थांबायचं, मुलं पुरं करतात. तिसऱ्यांदा ते खारूच्या तोंडी यावं. गोष्टीतला बदल त्या तिसऱ्या वेळीच कळतो, वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

खळखळाटासाठी गुलमोहराची वाळलेली शेंग उत्तम, बिया आत सुट्या झालेल्या बघून घ्या. नसेल तर काड्यापेटीत १०-१२ चिंचोके. पेटी गच्च भरू नका, भरली की आवाज दबतो. आधी हळू खुळखुळवायचं, मग मोठ्याने, आणि खारू निघाली की लगेच बंद. आवाज बंद होणं मुलांना ऐकू आलं पाहिजे. इशारा संपला, राग उरलेला नाही, हे त्या शांततेतून कळतं. पूर्ण गोष्ट ७ ते ८ मिनिटांत व्हावी. १० च्या पुढे गेली की चार वर्षांची मुलं चुळबुळ करतात.

बोरू

छपाईच्या बाजूने. १६ पानी, मधोमध पिना मारलेलं, वेगळं मुखपृष्ठ. पानं ४ च्या पटीत लागतात म्हणून १६ सोयीचं. पान १ वर शीर्षक, प्रकाशनाची माहिती मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला ढकला, म्हणजे गोष्टीला २ ते १५ अशी सात जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) आणि शेवटचं पान १६ मिळतं. ६२० शब्द फार झाले. एका जोडपानाला ४५ ते ५०, म्हणजे सगळे मिळून साडेतीनशेच्या आत या. जे चित्रात दिसतं ते शब्दांत लिहू नका. 'पाऊस धो धो पडत होता, सगळीकडे पाणीच पाणी झालं होतं, झाडं भिजली होती' यातली दोन वाक्यं चित्रकाराची आहेत.

अक्षर १८ ते २० पॉइंट, दोन ओळींत भरपूर अंतर. मराठीत वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, म्हणून इंग्रजी पुस्तकाचं ओळअंतर इथे चालत नाही. मजकुरामागे गडद रंग किंवा पानांची नक्षी घेऊ नका. पावसाचं चित्र असलं की चित्रकार अख्ख्या पानावर रेघा मारतो आणि अनुस्वार त्यांत हरवतात.

मुलं स्वतः वाचणार असतील तर जोडाक्षरं मोजा. 'रात्र' चालेल, रोजचा शब्द आहे. 'मर्यादा', 'कृतज्ञ' हे काढाच. वाक्य ६ ते ८ शब्दांचं.

पान उलटण्याची जागा नीट वापरा. साळूची शेपटी खळखळते ते उजव्या पानाच्या तळाशी यावं, आणि पुढे काय झालं ते उलटल्यावर.

पाणवठा

चित्रात साळूची आई दाखवण्याचा मोह होईल, कारण सायाळ जोडीने आणि पिल्लांसह राहते. दाखवू नका. आई दिसली की मुलं विचारतात, 'आई का बोलत नाही?' आणि भार साळूवरून उतरतो. वय सांगूच नका.

आकाराचा मात्र प्रश्न आहे. खार मुठीएवढी, सायाळ ११ ते १८ किलोंची. खऱ्या प्रमाणात काढलं तर साळू दांडगी दिसेल. साळू जवळून, खारू फांदीवर किंवा दगडावर उंच, अशी मांडणी केली की दोघींचे डोळे एका पातळीत येतात.

खारीच्या पाठीवर पट्टे तीन की पाच हे प्रदेशावर ठरतं, दक्षिणेकडच्या खारीला तीन, उत्तरेकडच्या खारीला पाच. महाराष्ट्रात दोन्ही दिसतात. एक निवडा आणि सगळ्या पानांवर तेच ठेवा. पट्टे बदलले की मुलं हटकून पकडतात.

रानजाई

सातव्या जोडपानावर अडलंय. दिवसा जोरदार पाऊस येतो आणि खारू भिजतेय. आता साळूने काय करायचं? आत घेतलं तर अट मोडली. नाही घेतलं तर ती निष्ठुर.

मधली_सुट्टी

अट साळूची आहे, बदलण्याचा हक्कही साळूचा. फक्त बदल कटकटीला शरण जाऊन होता कामा नये, नाहीतर मूल शिकेल की पुरेसं रडलं की दार उघडतं. म्हणून खारूने या वेळी वेगळं वागायला हवं : बाहेर थांबून विचारायचं. आणि उत्तराची वाट बघायची. सहाव्या जोडपानावर ती न विचारता आत घुसलेली असते, त्यामुळे फरक चित्रातही दिसेल.

पाणवठा

आणि बिळाला दुसरं तोंड आहे ना! साळू म्हणू शकते, "मागच्या तोंडाशी बस. आत नको." खारू कोरडी राहते, साळूची खोली साळूचीच राहते. दुसरं तोंड पहिल्याच जोडपानाच्या चित्रात कोपऱ्यात दाखवून ठेवा, नाहीतर ते ऐनवेळी आणल्यासारखं वाटेल.

कोरा_कागद

व्वा. मदत आणि नकार एकाच वाक्यात आले.

सहाव्या जोडपानाबद्दल एक विनंती. खारू रुसून ओंडक्यावर बसते तिथे साळूला तिची समजूत काढायला पाठवू नका. झोपू द्या तिला. तिने 'नको' म्हटलं म्हणून खारूला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं लगेच मिटवायची जबाबदारी साळूची नाही. खारूला एक पूर्ण पान वाईट वाटू द्या, शब्दांशिवाय.

ओंजळ

परदेशातल्या मराठी शाळांतही हे वापरता येईल. तिथे वर्ग बहुधा आठवड्यातून एकदाच, त्यामुळे 'बीळ', 'सायाळ', 'ओंडका', 'खळखळ' हे चार शब्द आधी चित्रांवरून द्यावेत. आणि 'नको'चा सराव गोष्टीनंतर खेळातून : एकाने 'लाडू घे' म्हणायचं, दुसऱ्याने 'इतका नको', 'आता नको', 'मला नको' यांतलं एक निवडायचं. मग पहिल्याने फक्त 'बरं' म्हणायचं. 'नको' ऐकून घेणं हाही सरावच. ('आता नको'चा अर्थ तिथे खरोखर 'थोड्या वेळाने दे' असाच असू द्या.)

मधली_सुट्टी

गोष्टीनंतर 'यातून काय शिकलात?' हे विचारू नका. मुलं मोठ्यांना आवडेल तेच उत्तर देतात. विचारायचं ते ठोस असावं : खारू ओंडक्यावर बसली तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल? साळूला झोप लागली असेल का? मग बिळाचा उभा छेद काढायला द्या, दोन तोंडं आणि एक खोली. मुलं चित्रात कोणाला कुठे बसवतात यावरून पुष्कळ कळतं.

गोष्ट सांगणाऱ्या ताई-दादांसाठीची सूचना मागच्या आतल्या पानावर छोट्या अक्षरांत द्या. ही गोष्ट शरीराच्या सुरक्षिततेच्या पाठाची जागा घेत नाही, तो पाठ स्वतंत्र हवा. तरी 'नको'बद्दल बोलणं निघालं की एखादं मूल काही वेगळंच सांगून जातं. तेव्हा वर्गासमोर खोदून विचारायचं नाही, 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणायचं, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक आहे, मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

रानजाई

सगळ्यांचं ऐकून नव्याने लिहिलं. चौथं, सहावं आणि सातवं जोडपान देते.

*पान ८-९*
साळूने खारूच्या शेपटीतला काटा अलगद काढला.
"दुखलं?"
"थोडंसं," खारू म्हणाली.
"तू माझी मैत्रीण आहेस. रोज रात्री ये. दिवसा नको. दिवसा मला झोप हवी."
खारूने मान हलवली.
*बीळ एक, वेळा दोन.*
*दिवस माझा, रात्र तुझी.*

*पान १२-१३*
(साळू पाठमोरी, काटे उभे. खारू बाहेर पडतेय. उजव्या पानावर खारू ओंडक्यावर, शेपटी पायांत. शब्द नाहीत.)

*पान १४-१५*
टप. टप. टपटपटप.
खारू बिळाच्या तोंडाशी आली. आत गेली नाही.
"साळू, जागी आहेस?"
आतून जांभई ऐकू आली.
"दिवस तुझा आहे," खारू म्हणाली. "मी भिजतेय. कुठे बसू?"
साळूने विचार केला.
"मागच्या तोंडाशी बस. तिथे पाऊस येत नाही. आत नको."
"बरं," खारू म्हणाली.

*पान १६*
(संध्याकाळ, पाऊस थांबलेला. झाडावर अर्धं विणलेलं नवं घरटं. साळू खालून चाललीय. वरून खारू एक जांभूळ टाकतेय.)

ओवी

तिसरं धृपद हरवलं. 'दिवस तुझा आहे' यात अर्थ आला, ठेका गेला. खारूने पूर्ण म्हणावं, उलटं करून :

*बीळ एक, वेळा दोन.*
*दिवस तुझा, रात्र माझी.*

मग "मी भिजतेय. कुठे बसू?"

शाईची_दौत

'साळूने विचार केला' हे वाक्य एकटं पानाच्या तळाशी ठेवा, पान १४ वर. उत्तर १५ वर. सांगणारा तिथे थांबेल आणि मुलं उत्तर सुचवू लागतील. काही 'ये' म्हणतील, काही 'नको' म्हणतील. दोन्ही म्हणू द्यात.

पाणवठा

सोळाव्या पानावर जांभूळ चालेल, आषाढात झाडाखाली सडा असतोच आणि सायाळ पडलेली फळं खाते. फक्त खारूचं झाड आता आंब्याचं ठेवू नका, पहिल्या जोडपानापासून जांभळीचं करा. घरटं गवत, काथ्या आणि सालींच्या धाग्यांचं, गोल, दार बाजूला. वाटीसारखं उघडं काढलं तर ते पक्ष्याचं दिसेल.

रानजाई

जांभूळ केलं. पहिल्या पानावर आता 'जांभळीच्या फांदीवर' असं येईल, आणि दुसरं तोंड खडकामागे डावीकडे. सगळे मिळून ३३८ शब्द झाले.